जैनथचे देऊळ कोणाचे?

आदिलाबाद शहराच्या ईशान्येस सुमारे २० कि.मी. अंतरावर जैनथ हे गाव आहे. गावाच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा, अलीकडे आपला तेलंगणा, आणि दोन्ही काठांना तीच काळी, कापसाची जमीन. राज्यकर्त्यांनी या मुलखाच्या सीमा कितीदा पुसल्या आणि पुन्हा आखल्या! निजामाचे राज्य गेले, १९५६ साली आंध्र प्रदेश झाला, २०१४ साली तेलंगणा झाला, २०१६ साली जिल्ह्याचेच तुकडे झाले. मात्र नदीपलीकडच्या सोयरिकी मोडल्या नाहीत, आणि कार्तिकात जैनथला उत्सव भरला म्हणजे पलीकडची माणसे आजही अलीकडे येतात.

हा उत्सव लक्ष्मीनारायणाचा. देऊळ काळ्या दगडाचे, पुरातन आणि खरोखर देखणे आहे. गेल्या आश्विनात आमच्या धर्मग्रामातील दोन शाळकरी मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. आम्ही निघालो तेव्हा एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "फादर, तुम्ही अन् देवळात?" प्रश्न साधा होता, मनात किंतु नव्हता. मी म्हटले, "आजी, शेजाऱ्याचे घर पाहायला जातो आहे." इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. आजींना परिषद सांगत बसलो असतो तर गाडी चुकली असती, म्हणून शेजाऱ्याच्या घरावरच भागवले.

आवारात शिरताच धाकट्याने विचारले, "फादर, हे कोणत्या राजाचे देऊळ?"

या प्रश्नाला तेथे दोन उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो जैन राजाचे, कारण गावाच्या नावातच 'जैन' आहे. काही माहितीपत्रकांत लिहिलेले असते की देऊळ पल्लव राजाने बांधले आणि तेथील लेख प्राकृत भाषेत आहे. पल्लव हे दूर दक्षिणेतील कांचीचे. त्यांची सत्ता या देवळाच्या लेखापूर्वी दोनशे वर्षे लयाला गेली होती. लेखाची भाषा संस्कृत आहे, लिपी नागरी आहे, आणि तो विद्वानांनी वाचून केव्हाच प्रसिद्ध केला आहे. त्यात नाव आहे ते परमार जगद्देवाचे. 'परमार'चे 'पल्लव' कोठे झाले देव जाणे. परंतु एकदा छापलेली चूक पुढचा माणूस विश्वासाने उतरवून घेतो, एवढे खरे.

हा जगद्देव माळव्याच्या उदयादित्य राजाचा पुत्र. विदिशेजवळील उदयपूरचे प्रसिद्ध शिवमंदिर बांधणारा तो हाच उदयादित्य. माळव्याचा राजपुत्र आपल्या पैनगंगेकाठी कसा आला, याचे उत्तर नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडते. तेथील शिलालेख शके १०३४, म्हणजे इ.स. १११२ चा आहे. त्यात असे सांगितले आहे की राज्यलक्ष्मी जगद्देवाकडे चालून आली होती, परंतु वडील भाऊ असताना धाकट्याने राज्य घ्यावे हे पाप होय, असे मानून त्याने ते भावासाठी सोडले आणि तो दक्षिणेस कुंतलेश्वराकडे गेला. हा कुंतलेश्वर म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य. त्याने जगद्देवाला स्वतःच्या पुत्रांहूनही वरचे स्थान दिले, आणि इकडचा प्रदेश त्याच्या हाती आला.

हे ऐकताना मला एसाव आणि याकोब आठवले. तेथे धाकटा वाटीभर वरणावर थोरल्याचा हक्क विकत घेतो आणि पुढे आंधळ्या बापाला फसवून आशीर्वादही मिळवतो. येथे धाकटा हाती आलेला मुकुट खाली ठेवून चालू लागतो. आमच्या धर्मग्रामात दोन एकर जमिनीच्या वाटणीपायी ज्या भावांचे बोलणे बंद आहे, त्यांच्या कानी ही गोष्ट घालावी असे मनात येऊन गेले. मात्र इतिहास वाचताना थोडी सावधगिरी हवी. हे लेख जगद्देवाच्या सत्तेखालच्या प्रदेशातील आहेत, आणि आश्रित कवी धन्याचे गुण कमी करून सांगत नसतो. जैनथच्या लेखात आंध्रापासून चक्रदुर्गापर्यंत आणि दोरसमुद्रापासून अबूच्या पहाडापर्यंत त्याच्या विजयांची मोठी मालिका आहे. त्यातून थोडी वजावट करूनच घ्यावी. एवढे मात्र निश्चित की माणूस लोकांच्या मनात भरला होता. गुजरातेत भाटांनी त्याच्यावर कथा रचल्या. त्याने देवीला आपले मस्तक उतरवून दिले, असेही त्या कथांत आहे. तेथे जगदेव परमाराचे नाव राहिले. जेथे त्याने कारभार केला त्या आपल्या जिल्ह्यात त्याच्या जागी पल्लव आला.

तर देऊळ जगद्देवाचे काय? मुलांनी हेच विचारले, आणि मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगण्याची संधी मिळाली. लेखातील स्तुती राजाची आहे, देऊळ राजाचे नाही. जगद्देवाच्या पदरी दाहिम कुळातील लोलार्क नावाचा मोठा अधिकारी होता. त्याची पत्नी पद्मावती. तिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देऊळ उभारले, आणि ते कार्य नोंदवण्यासाठीच हा लेख कोरला गेला. इतक्या लढाया, इतके पराभूत राजे, ते सारे त्या एका वाक्यासाठी घातलेले मखर आहे.

राजाने बांधलेले मंदिर कसे असते ते पाहायचे तर थायलंडच्या राजधानीकडे पाहावे. १७८२ साली पहिल्या रामाने बँकॉक येथे राजधानी आणली आणि राजवाड्याच्या आवारातच पाचूच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या बुद्धमूर्तीसाठी मंदिर उभारले. त्या मूर्तीची वस्त्रे वर्षातून तीनदा, ऋतू पालटेल तशी, स्वतः राजा बदलतो. जवळच्या वाट फो मंदिरात तिसऱ्या रामाने औषधींपासून काव्यापर्यंत नाना विषय दगडांवर कोरून ठेवले. तेथे राजवंश आहे, म्हणून मंदिर कोणाचे हे कोणाला विचारावे लागत नाही. जैनथमध्ये परमार नाहीत, चालुक्य नाहीत, लोलार्काचे घराणेही नाही. सांगायला दगड तेवढा उरला आहे, आणि तो वाचता येणारे थोडे.

मला बेथानीतील ती स्त्री आठवली, जिने प्रभूच्या मस्तकावर मौल्यवान सुगंधी तेल ओतले. जगभर जेथे जेथे शुभवर्तमान सांगितले जाईल तेथे तिचे कृत्यही सांगितले जाईल, असे प्रभू म्हणाले. तरी मत्तय आणि मार्क यांनी तिचे नाव दिलेले नाही! पद्मावतीचे अगदी उलट झाले. तिचे नाव आठ-नऊशे वर्षे दगडात सुरक्षित आहे, आणि तिचे कृत्य लोक राजांच्या नावावर सांगत आहेत.

सूर्याच्या देवळात आज लक्ष्मीनारायण आहे. पूजा बदलली, असे सर्वत्र घडत आले आहे. परंतु आश्विनात, पौर्णिमेच्या सुमारास, सकाळची किरणे थेट गाभाऱ्यात जाऊन मूर्तीच्या पायांवर पडतात, आणि ते पाहण्यासाठी लोक पहाटेपासून गर्दी करतात. आपल्या जुन्या ख्रिस्तमंदिरांतही वेदी पूर्वेकडे ठेवण्याची चाल होती, तेव्हा उगवतीची ओढ मला काही परकी वाटली नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण तेथे जमलेल्यांना निंबादित्य हे नाव ठाऊक नव्हते आणि तरीही ते सूर्याचीच वाट पाहत होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा थोरल्या मुलाने वहीत लिहिले होते: जगद्देव, लोलार्क, पद्मावती. धाकट्याने त्याच्या हातून पेन्सिल घेतली आणि पद्मावतीचे नाव खोडून सर्वांत वर लिहिले. अक्षर वाकडे आले. परत येताना आदिलाबादच्या गाडीला उशीर होता, तेवढ्या वेळात त्याने मला आणखी विचारले की लोलार्क तिला रागावला नसेल ना, इतका खर्च केला म्हणून. मी म्हटले, लेखात तसे काही नाही.

वाचकांपैकी कोणास जायचे असेल तर सकाळी लवकर निघावे, वहाणा बाहेर ठेवाव्यात, आणि आत जाण्यापूर्वी पुजाऱ्यांना विचारावे. ती माणसे अगत्याची आहेत.