अडलेल्या संगणकाची वही

मुलांनो, विहिरीवरची मोटार अचानक पाणी ओढेनाशी झाली तर शेतकरी काय करतो, पाहिलंय कधी? तो लगेच पाना घेऊन मोटार खोलत नाही. आधी बघतो, लाइट आहे का. मग स्टार्टर बघतो, मग फ्यूज. मग फूटवॉलमध्ये कचरा अडकलाय का, पाइपात हवा धरलीय का, ते बघतो. हे सगळं ठीक निघालं, तरच मोटारीला हात लावतो. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, अवघड आणि खर्चाचं नंतर! ही रीत कुठल्याही अडलेल्या यंत्राला लागू पडते. अगदी संगणकालासुद्धा. कशी, ते आज सांगते.

माझा भाचा राजुरीला राहतो. यंदा तो नववीतून दहावीत गेला. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे आळ्याला आला, तो एक बेत घेऊनच. त्याला स्वतःच्या हातानं संगणक जोडायचा होता. दोन वर्षांची भाऊबीज, बक्षिसाचे पैसे असं त्यानं साठवलं होतं. कमी पडले ते त्याच्या वडिलांनी आळेफाट्याच्या मार्केटमधून आलेल्या कांद्याच्या पट्टीतून दिले. देताना एवढंच म्हणाले, "हे चाललं नाही, तर पुन्हा असल्या खोक्याचं नाव काढायचं नाही."

रविवारी आम्ही दोघं पुण्याला जाऊन सुटे भाग घेऊन आलो. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि मेमरीच्या दोन पट्ट्या वापरलेल्या होत्या. डिस्क तेवढी नवी. वापरलेल्या मालाला दुकानदारानं सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी दिली. म्हणजे काय, तर सात दिवसांत एखादा भाग बिघडलेला निघाला तर बदलून मिळणार. पण कुठला भाग बिघडलाय, ते आपण दाखवायचं. आठव्या दिवशी गेलात, तर पैसे गेले!

सोमवारी आम्ही सगळं जोडलं. बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली. आता उरलं एकच काम, ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं. ती नसेल तर संगणक म्हणजे नुसतं खोकं. कुठला प्रोग्रॅम कधी चालवायचा, कुठली फाइल कुठे ठेवायची, हे सगळं तीच सांभाळते. आम्ही लिनक्स निवडली होती. हिचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिहिला आणि जगाला वापरायला मोकळा करून दिला. म्हणून ती फुकट मिळते. पेनड्राइव्हवरून ती चालू केली, तर समोर छान पडदा उघडला. भाषांच्या यादीत मराठीही होती. भाच्यानं 'स्थापित करा'चं बटण दाबलं. हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. पाव झाली, अर्धी झाली, आणि थांबली ती थांबलीच.

पुन्हा केलं. या वेळी पावाच्याही आधी थांबलं. तिसऱ्यांदा पाऊण पट्टी झाली आणि पडद्यावर इंग्रजीत भलामोठा निरोप आला, की फाइल वाचताना चूक झाली. मंगळवारी पडदाच काळा पडला. आमचे सासरे, म्हणजे आबा, ओसरीवरून सगळं बघत होते. आमच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे, ठाऊक आहे ना? ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्याच रेड्याची ही समाधी, असं सांगतात. आबा म्हणाले, "अरे, रेडा वेद बोलला, आणि तुझं खोकं साधं श्री म्हणेना!"

भाचा रडवेला झाला. "मावशी, डिस्कच बदलू. नाहीतर मदरबोर्ड गेला असणार." मी विचारलं, "असणार म्हणजे? कशावरून?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आबांनी मात्र नेमकं विचारलं, "आधी लाइट बघितली का रे?"

तिथून कामाला दिशा मिळाली. मी कोऱ्या पाठपोट वहीत चार रकाने आखले. तारीख आणि वेळ, काय बदललं, कुठे थांबलं, पडद्यावर काय निरोप आला. आणि एक नियम केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची! दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर खोडी कुणाची होती ते कधीच कळत नाही.

अशी वही ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे बरं का. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या खोलीएवढ्या संगणकात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला, दिव्याभोवती फिरतो तसला किडा. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीनं वहीत चिकटवला आणि शेजारी नोंद केली. ग्रेस हॉपर या तिथल्या विदुषींनी ही गोष्ट पुढे सगळीकडे सांगितली. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत त्याच्याही आधीची, पण इथे खराच किडा निघाला! ती वही आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

आता आमच्या संशयितांची यादी ऐका. वीज, उष्णता, पेनड्राइव्ह, डिस्क आणि मेमरी.

पहिली वीज. आमच्याकडे मळ्यातल्या मोटारी चालू झाल्या, की घरातले दिवे पिवळे पडतात. म्हणून शेजाऱ्यांचा यू.पी.एस. आणला आणि बुधवारी पहाटे, मोटारी बंद असताना करून बघितलं. तरी थांबलं. वहीत लिहिलं, 'वीज नाही.'

दुसरी उष्णता. प्रोसेसर फार तापला, तर संगणक स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो. चालू करताना बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. ते पन्नास अंशांच्या खालीच होतं. पंखाही नीट फिरत होता. तोही सुटला.

तिसरा पेनड्राइव्ह. इंटरनेटवरून उतरवलेल्या मोठ्या फाइलसोबत तिची एक ६४ अक्षरी खूण दिलेली असते. फाइलमधला एक ठिपका बदलला, तरी ती खूण पार वेगळी येते. घरच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही आमच्या फाइलची खूण काढली आणि दोघांनी मिळून एकेक अक्षर ताडून पाहिलं. तंतोतंत जुळली. तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, तर तिथे विनातक्रार चालला. म्हणजे तोही निर्दोष.

चौथी डिस्क. तिची वायर बदलली, दुसऱ्या जागी खोचली. पट्टी निम्म्यावर जाऊन थांबली. गुरुवारची दुपार झाली होती. सातांपैकी पाचवा दिवस.

तेवढ्यात माझ्या वर्गातली शेजारची मुलगी वही चाळत बसली होती, ती म्हणाली, "बाई, हे दर वेळी वेगळ्याच ठिकाणी का थांबतंय?"

बघा हं, चौथीतल्या मुलीचा प्रश्न, पण केवढा मोलाचा! फाइल फाटकी असती किंवा डिस्कची ठरावीक जागा खराब असती, तर गाडी बहुधा त्याच ठिकाणी अडली असती. रस्त्यात खड्डा असेल तर दर वेळी तिथेच आदळते ना? इथे खड्डा जागा बदलत होता. म्हणजे संशय उरला मेमरीवर.

मेमरी म्हणजे रॅम. संगणक काम करताना जे काही हाताळतो, ते तात्पुरतं हिच्यात मांडून ठेवतो. तिला लाखो खणांचं कपाट समजा. प्रत्येक खणात फक्त शून्य किंवा एक राहतो. लाखो कसले, आमच्या ८ जीबीच्या मेमरीत असे ६,८०० कोटींहून जास्त खण! त्यातला एक जरी खण एक ठेवला असता शून्य परत देऊ लागला, की घात. लिनक्सच्या फाइली पेनड्राइव्हवर दाबून, घड्या घालून ठेवलेल्या असतात. टाकताना त्या मेमरीत उलगडल्या जातात. एक आकडा चुकला, की पुढची सगळी घडी विस्कटते. आणि तो खराब खण दर वेळी वेगळ्या फाइलच्या वाट्याला येतो, म्हणून थांबण्याची जागाही वेगळी. नुसता पडदा उघडताना त्या खणापर्यंत काम पोचलंच नसावं, म्हणून तोवर सगळं ठीक वाटत होतं.

हे तपासायला मेमटेस्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो प्रत्येक खणात शून्य-एकची नक्षी लिहितो आणि परत वाचतो. जे लिहिलं तेच परत आलं का, एवढंच बघतो. गुरुवारी रात्री तो लावून आम्ही झोपलो. सकाळी उठून बघतो तर पडद्यावर लाल ओळीच ओळी! भाच्यानं लगेच मोबाइलवर फोटो काढला.

पण पट्ट्या दोन होत्या. कुठली खराब? की पट्टी चांगली आणि ती खोचायची खाचच खराब? खाच खराब असेल, तर मदरबोर्ड परत करावा लागणार. आम्ही शुक्रवारी तीन प्रयोग केले. एकटी पहिली पट्टी पहिल्या खाचेत, लाल ओळी नाहीत. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत, तरी नाहीत. म्हणजे दोन्ही खाचा चांगल्या. मग एकटी दुसरी पट्टी पहिल्या खाचेत, आणि पुन्हा लाल ओळी! कधी कधी पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ बसलेला असतो. म्हणून खोडरबरानं ते हलकेच पुसले, कण झटकले, पुन्हा लावली. लाल ओळी तशाच. चोर सापडला!

एक गंमत सांगते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी असाच स्वतःच्या हातांनी एक संगणक बांधला होता. तो १९६० साली पूर्ण झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं 'टिफ्रॅक'. त्यात २,७०० निर्वात नळ्या आणि १२,५०० रोधक होते. त्याच्या मेमरीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्दाला ४० खण. गुणाकार करा बरं! ८१,९२० खण. आमच्या बोटाएवढ्या एका पट्टीत त्याच्या चार लाख पटींहून जास्त मावतात. पण त्या मंडळींनाही एकेक नळी, एकेक तार तपासतच पुढे जावं लागलं असणार. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण आहे ना, जीएमआरटी? तीही याच संस्थेची. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, तेव्हा जरूर जा आणि विचारा, यातली एखादी तबकडी रुसली तर तुम्ही कसं शोधता!

शनिवारी, सातव्या दिवशी, भाचा पहिल्या एस.टी.नं वडिलांबरोबर पुण्याला गेला. दुकानदार म्हणाला, "कशावरून पट्टीच खराब?" भाच्यानं फोटो दाखवला आणि वही पुढे केली. दुकानदारानं दोन पानं वाचली, स्वतःच्या मशिनवर पट्टी लावून पाहिली आणि दुसरी काढून दिली. परतताना त्याचे वडील त्याला म्हणाले, "वही नीट ठेव. मोटारीला पण एक करू." संध्याकाळी हिरवी पट्टी न थांबता शेवटाला पोचली.

तुम्ही असं काही करणार असाल, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. झाकण उघडण्याआधी वायर भिंतीतल्या पॉइंटमधून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज पुरवणारी डबी, म्हणजे एस.एम.पी.एस., कधीही उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्यात धक्का देण्याइतकी वीज साठून राहते. आणि पट्टीला हात लावण्याआधी संगणकाच्या लोखंडी अंगाला हात लावायचा, म्हणजे आपल्या अंगावरची स्थिर वीज निघून जाते. शेजारी मोठं माणूस हवंच.

आणि संगणक नसेल, तर सायकल घ्या, रेडिओ घ्या, अडलेलं गणित घ्या. संशयितांची यादी करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते लिहून ठेवा. तुमच्या घरात आत्ता या क्षणी काय अडलंय, सांगा पाहू?