रसिकांचा मेळा लोधीखेड्यातही भरावा

संगीत नाटकाचे शौकीन एकत्र जमले की जुन्या आठवणींचे उसासे टाकत बसतात, असा आक्षेप नेहमीचा. मला तो अर्धाच पटतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ उभे राहिले, तेव्हापासून या रंगभूमीवर रसिक नुसता तिकीट काढून बसणारा कधी नव्हताच. पद रंगले की ‘वन्समोअर’ येई, नट तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गाई आणि कथानक ताटकळत राही. नाटक रात्रभर लांबे, हा दोष खराच. पण गायकीला जो कस लागला, तो याच मागणीमुळे. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘मानापमाना’त एकत्र उभे राहिले, तेव्हा दोन्ही बाजूंचे चाहते एका छताखाली आले आणि टिळक स्वराज्य फंडाला पैसा मिळाला.

मग असे मेळे पुण्या-मुंबईलाच का? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. तिथे, लोधीखेड्यात, अशा मेळ्याची निकड जास्त. मोठ्या नाट्यगृहाशिवाय कसे जमेल, असे कोणी म्हणेल. विदर्भातल्या खडी गंमतीला कधी नाट्यगृह लागले? ढोलकी, तुणतुणे, शाहीर, बाईच्या वेशातला नाच्या आणि भोवती गाव, एवढ्यावर ती रात्र जागवते. नाट्यपद शास्त्रीय आणि गंमत गावरान, हा भेदही फार ताणू नये. खुद्द किर्लोस्करांनी साकी-दिंडीच्या देशी चाली घेतल्याच होत्या. दोन्हींचे रसिक एका मांडवात बसले, तर मेळ्याला स्मरणरंजनापलीकडचे काम मिळेल.