सातच्या आत जेवण

बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या नाक्यावरून एक रस्ता खानापूरला जातो, दुसरा जांबोटीला. आजूबाजूला मच्छे आणि उद्यमबाग. इथले कारखाने पाळ्यांवर चालतात, आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी जणांच्या सुटलेल्या पोटाचं मूळ मला त्या पाळ्यांत दिसतं. दुपारपाळीचा माणूस रात्री उशिरा घरी येतो, भात-आमटी पोटभर जेवतो आणि लगेच आडवा होतो. सकाळी उठल्याबरोबर चहा-खारी. पोटाला विसावा म्हणून नाहीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणून मी वजनकाट्याइतकाच टेपवर विश्वास ठेवतो. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरवर गेली, की बोलायची वेळ आली.

मग उपाय काय? दिवसभराचं खाणं दहा तासांत बसवायचं आणि आठवड्यातून तीनदा दम लागेल असा व्यायाम करायचा, हे दोन्ही एकत्र करून काय होतं? नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम इथं १३१ जाड स्त्रियांवर सात आठवडे हे पाहिलं गेलं; निष्कर्ष २०२२ साली आले. खाण्याचे तास आवळले तेव्हा पोटातली चरबी उतरली. व्यायामानं दमसास वाढला. तीन महिन्यांची सरासरी साखर मात्र दोन्ही केलेल्या गटातच सुधारली. त्याच वर्षी चीनमधून आलेल्या वर्षभराच्या अभ्यासात, कॅलरी सारख्याच कमी केल्यावर नुसत्या घड्याळानं वजनात विशेष फरक पडला नाही. मला हे दोन्ही अभ्यास महत्त्वाचे वाटतात. घड्याळ पाळून ताटात वाट्टेल ते वाढून घेतलं तर उपयोग नाही.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दोनदाच जेवणं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं घरोघरी पोचलं. माझा भर चालण्याच्या वेगातल्या चढउतारावर आहे. आधी दहा मिनिटं सावकाश. मग चार मिनिटं असं झपाझप, की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. मग तीन मिनिटं रमतगमत. असं चार वेळा. गुडघे कुरकुरत असतील तर सायकल. छातीत दुखणं, रक्तदाब असेल तर आधी तपासणी, मगच वेग.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो: मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतल्याशिवाय जेवण चुकवू नका. साखर घसरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो.

सूर्यास्ताआधी जेवणं निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांना नवीन नाही. सकाळपाळीवाल्यालाही सातच्या आत जेवण जमतं. अडतं दुपारपाळीवाल्याचं. "जेवल्याशिवाय झोप येत नाही ओ डॉक्टर," असं तो म्हणतो, आणि त्याची बायको ताट झाकून जागी बसलेली असते. म्हणून पुढच्या वेळी मी दोघांनाही बोलावतो. पहिला घास सकाळी अकराला, डब्यात दोन भाकऱ्या, उसळ, भाजी. तो डबा सुट्टीत, नऊच्या आत संपवायचा. घरी आल्यावर पाणी. "आणि मावशी, तुम्हीही त्यांच्यासाठी उपाशी थांबायचं नाही. तुमचं जेवण सातला."