पायरी

मराठीत 'पायरी' हा शब्द मोठा बोलका आहे. आपण माणसाला त्याची पायरी दाखवतो, पायरी ओळखून वागायला सांगतो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असेही बजावतो. पंढरपुरात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. कोणी कुठवर यायचे हे दगडात सांगून ठेवण्याची आपली रीत जुनीच. शब्दशक्ती शिकवताना ही उदाहरणे मी वर्षानुवर्षे देत आलो. अलीकडे त्यांतली लक्षणा मागे पडून वाच्यार्थच टोचू लागला आहे. कारण आमच्या एम.ए.च्या वर्गात चाकाच्या खुर्चीवरून येणारा एक विद्यार्थी आहे.

आंब्याच्या झाडावरून पडून त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. लोक हळहळतात आणि विषय तिथेच संपवतात. पण ती इजा होऊन आठ वर्षे झाली. तिच्यासह जगणे तो शिकला. रोज नव्याने आडवी येते ती आमची इमारत. दाराशी तीन पायऱ्या, उंची दीड फूट. एकास बारा या प्रमाणात उताराला अठरा फूट लांबी हवी. आमच्याकडे तो सहा फुटांत उरकला आहे. त्या घसरगुंडीवर एरवी दुचाक्या उभ्या असतात. वर्गमित्रांनी खुर्चीसकट उचलून न्यायची तयारी दाखवली, तेव्हा तो हसून म्हणाला, "चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच, सर. रोज कशाला?"

तास तळमजल्यावर आणले, उतारासमोरच्या गाड्या हटवल्या. मागून दोघे जण धरतात, एवढे तो चालवून घेतो. खरी अडचण निराळीच होती, आणि ती सांगायला त्याला दोन महिने लागले. घरून निघण्यापूर्वी तो पाणी पीत नाही. मूत्राशयावर ताबा नसल्याने दर चार-सहा तासांनी नळी घालून ते रिकामे करावे लागते. त्यासाठी स्वच्छ जागा आणि खुर्ची आत जाईल असे दार हवे. खुर्ची सव्वादोन फूट रुंद, आमच्या स्वच्छतागृहाचे दार दोन फूट. तीन इंचांसाठी तो तहानलेला बसतो. कमी पाण्याने मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो आणि अशा रुग्णांत तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो, हे त्यानेच मला समजावले. अगदी व्याकरणाचा नियम सांगावा तशा स्वरात.

दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची त्यातली पाच वर्षांची मुदत 2022 मध्ये संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगमतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. म्हणजे कोर्टाची पायरी कोणीतरी चढलेच. दार रुंद करण्याचा आमचा अर्ज मात्र अंदाजपत्रकापाशी थांबला आहे.

नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन त्याला वाचायचे होते. आमच्या ग्रंथालयात प्रत आहे. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर. मी ती आणून दिली. पण पुस्तक हाती मिळणे आणि कपाटांमधून हिंडत, शोधत नव्हते तेच पुस्तक सापडणे यांतला फरक साहित्याच्या माणसाला वेगळा सांगायला नको.

भाषाविज्ञानाचा तास दुपारी बाराला असतो. तो अकराला घरी जायला निघतो. हजेरीपटावर त्या तासापुढे त्याची गैरहजेरी मीच मांडतो.