चिमूटभर अशुद्धी

अग्नी पेटविणे अवघड की तो सांभाळणे अवघड, असे कोणी विचारले तर आम्ही दुसऱ्या बाजूने कौल देऊ. हायड्रोजनच्या अणुगर्भांचे मीलन घडवून वीज मिळविण्याच्या प्रयत्नांविषयी आपण जे वाचतो, ते बहुधा पेटविण्याविषयीचे असते. पंधरा कोटी अंशांचा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कसा तोलून धरतात, याचे वर्णन रंगून केलेले असते. त्या उष्णतेने बाहेर पडावे कोणत्या वाटेने, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

फ्रान्समधील कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ यंत्राचे गणित पाहावे. त्यातून ५०० मेगावॉट शक्ती मिळावी, असा संकल्प आहे. तिचा चार पंचमांश भाग न्यूट्रॉन घेऊन जातात. त्यांना चुंबकाचे बंधन नाही. उरलेले १०० मेगावॉट आणि बाहेरून तापविण्यासाठी दिलेले ५० मेगावॉट प्लाझ्मातून बाहेर काढावे लागतात. ही उष्णता कडेला येते आणि चुंबकीय रेषांवरून यंत्राच्या तळाकडील ‘डायव्हर्टर’ नामक भागाकडे धावते. पण येते ती अगदी चिंचोळ्या पट्ट्यातून. पाण्याने थंड ठेवलेले टंगस्टन दर चौरस मीटरला सुमारे १० मेगावॉट मारा सतत सोसू शकते. एवढ्या जागेत हजार वॉटच्या दहा हजार इस्त्र्या मांडल्याची कल्पना करावी! काही उपाय न केल्यास मारा याहूनही कितीतरी अधिक होईल.

उपाय असा की कडेच्या प्लाझ्मात निऑन, नायट्रोजन किंवा आर्गॉन मोजून मिसळावा. कडेच्या त्या मानाने थंड भागात या अणूंपाशी काही इलेक्ट्रॉन शिल्लक असतात. धडका बसून ते उत्तेजित होतात आणि ऊर्जा प्रकाशरूपाने चारी दिशांना फेकतात. एका रेषेवर पडणारी आच अशी सगळ्या भिंतींवर वाटली जाते. गाभ्यात शिरल्यावर निऑनचे सारे इलेक्ट्रॉन गळतात आणि तो फारसा प्रकाशत नाही. टंगस्टनचे तसे नाही. त्याचे कण गाभ्यात गेले तरी काही इलेक्ट्रॉन धरून राहतात आणि तेथीलच उष्णता उधळतात. दहा हजार कणांमागे एक टंगस्टनही चूल विझविण्यास पुरेसा ठरू शकतो. कडेला जो गुण, तोच गाभ्यात दोष.

इंग्लंडमधील ‘जेट’ यंत्रात याचा बोलका अनुभव आला. कार्बनच्या भिंती ट्रिटियम शोषून ठेवतात, म्हणून त्या काढून २०११ साली बेरिलियम व टंगस्टन बसविण्यात आले. प्लाझ्मा स्वच्छ झाला. पण कार्बन नकळत कडेची उष्णता प्रकाशून टाकीत असे, तो आधारही गेला. मग नायट्रोजन बाहेरून सोडावा लागला! प्रमाणाचा विवेक येथे फार नाजूक आहे. वायू अधिक झाला तर इंधन पातळ होते, प्रकाशणारा थर आत सरकतो, आणि कधी सारा प्लाझ्मा क्षणार्धात कोसळतो. म्हणून प्रकाशरूपाने जाणारी शक्ती सतत मोजून झडप कमीअधिक उघडण्याची योजना करतात.

आम्हां गुजरातेतील मराठी मंडळींना हा विषय अगदी परका नाही. गांधीनगरजवळच्या भाट येथे ‘आदित्य’ यंत्र १९८९ साली सुरू झाले, आणि त्याच्या सुधारित रूपात निऑन-आर्गॉनचे प्रयोगही झाले आहेत. ‘इटर’चे प्रचंड शीतपात्र घडले तेही सुरतेजवळच्या हजिऱ्यात.

शुद्धतेचा अभिमान आम्हां जुन्या घराण्यांना थोडा अधिकच. तरी दोन भाषांच्या वेशीवर पिढ्यान्‌पिढ्या नांदताना, गाभा जपायचा असेल तर कडेला काही मिसळू द्यावे लागते, हेही आपण जाणतोच. किती आणि कोठे, एवढाच प्रश्न. ‘इटर’मध्ये खऱ्या इंधनाचा प्रयोग २०२४ साली जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार २०३९ मध्ये व्हायचा आहे. आमच्यापैकी पुष्कळांना तो पाहता येणार नाही. पण नातवंडांच्या घरी त्या अग्नीचा दिवा लागायचा असेल, तर आधी या चिमटीचे माप बरोबर जमावे लागेल.