सिलिंडरमागची शेपटी

माझी नात तीन वर्षांची आहे. परवा तिच्यासाठी एक नवं चित्रपुस्तक आणलं. चटईवर मांडी घालून बसली आणि पहिल्याच पानावर अडली. पानावर दोनच ओळी होत्या. मी त्या वाचल्या आणि पान उलटायला गेले, तर तिने माझा हात बाजूला सारला. “थांब ना आजी!”

चित्रात स्वयंपाकघर होतं. ओट्याशी आई उभी, खाली बसून मुलगा मटार सोलतोय. मला एवढंच दिसलं होतं. तिला ओट्याखालच्या सिलिंडरमागून डोकावणारी मांजराची शेपटी दिसली. तिने ती बोटाने गिरवली आणि मग मांजर कुठे गेलं ते बघायला स्वतःच पान उलटलं. आता मांजर दारामागे होतं, नुसते दोन कान दिसत होते. शेवटच्या पानावर ते मटारच्या टोपलीत गाढ झोपलेलं सापडलं. तेव्हा ती अशी काही खुदखुदली की आतल्या खोलीतून तिची आई काय झालं ते बघायला आली. मजकुरात मांजराचा उल्लेखसुद्धा नव्हता. दोन ओळींची गोष्ट मी वाचली आणि मांजराची गोष्ट तिने वाचली. अक्षरओळख झालेली मी, पण त्या दुपारी पुस्तक पुरतं वाचलं ते तिनेच.

आमच्या लहानपणी चित्र म्हणजे गोष्टीच्या कोपऱ्यात टाकलेला खाऊ असायचा. ‘राजा घोड्यावर बसला’ असं लिहिलेलं आणि शेजारी काळ्या शाईत घोड्यावर बसलेला राजा. चित्र झाकलं तरी गोष्टीचं काही अडायचं नाही. खऱ्या चित्रपुस्तकात तसं करून बघा, गोष्ट लंगडी होते. शब्द अर्धं सांगून थांबतात, उरलेलं चित्र सांगतं आणि पान कुठे उलटायचं हेही गोष्टीतच मुरलेलं असतं. मोठ्या माणसाला हे कळायला वेळ लागतो, कारण आपली नजर आधी अक्षरांकडे धावते.

मराठीत हे मला माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी शिकवलं. त्या स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे चित्राने जे सांगून टाकलं ते शब्दांत परत सांगायचं नाही, हा संयम त्यांच्या पानापानावर दिसतो. ‘राधाचं घर’मधली माणसं आई, बाबा, आजी, आजोबा, काका अशी साधी घरातलीच. ‘बाबांच्या मिश्या’चा विषय तर नावातच आहे, त्यातल्या अनूला बाबांच्या मिश्यांचं भारी कौतुक. परी नाही, राक्षस नाही. तरीही मुलं ही पुस्तकं पुन्हा पुन्हा मागतात, कारण त्यांचं रोजचं जगणं कुणीतरी इतकं निरखून बघितलंय. 2014 साली पुरंदरे यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा घरातलं कुणी सन्मानित व्हावं तसा आनंद मला झाला होता.

आता पुस्तकं पुष्कळ आली आहेत. ज्योत्स्ना प्रकाशन आहे, तूलिका आहे, 2004 साली सुरू झालेलं प्रथम बुक्स आहे. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. जिथे पुस्तकाचं दुकानच नाही तिथल्या बालवाडीताईंना याचा फार मोठा आधार आहे. तरी तीन वर्षांच्या हाताला कागद हवा. पान धरायला, दुमडायला, वास घ्यायला.

अनुवादांबद्दल मात्र थोडं बोलायला हवं. चित्रात बर्फ असो, अस्वल असो, मुलं त्याला बिचकत नाहीत. परकं चित्र त्यांना पटकन आपलंसं होतं. अडतं ते वाक्यांवर. मोठ्याने वाचताना जीभ ठेचकाळली की मूल लगेच उठून जातं. म्हणून विकत घेण्याआधी मी दुकानातच एक पान पुटपुटून बघते. मराठी सहज वाहत असेल तरच घेते.

आणखी एक खोड आपल्याला सोडावी लागेल. पुस्तक उघडलं रे उघडलं की आपण परीक्षक होतो. “हा रंग कोणता? बदकं किती? दाखव बरं त्रिकोण!” मीही हे केलंय. नातीने बदकं मोजली, बरोबर मोजली आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्यानंतर कित्येक दिवस ते तिने हातात धरलं नाही. मुलांना नुसती मजा घेऊ द्यायला आपण का घाबरतो, कळत नाही. गंमत वाटली म्हणूनच ते मूल उद्या पुन्हा पुस्तकाकडे येणार आहे.

आमच्या भागातल्या वाचनालयात मुलांची पुस्तकं काचेच्या कपाटात आहेत, वरच्या फळीवर, कुलूप लावून. कारण विचारलं तर “मुलं फाडतात हो!” फाडतात, खरं आहे. नातीच्या त्या मटारच्या पुस्तकालाही आतापर्यंत तीन ठिकाणी चिकटपट्टी लागली आहे आणि एका पानावर वरणाचा डाग आहे. रोज रात्री तेच पुस्तक लागतं.

वाचनालय चालवणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ती कपाटं उघडा. खाली एक सतरंजी अंथरा आणि पुस्तकं तिच्यावर मांडा, मुखपृष्ठं वर करून. चिकटपट्टी मी आणून देईन.