मायना

आज तिचे पत्र आले. गेली 3 वर्षे ज्या जागी माझे घरगुती नाव असे, तेथे आज 'स. न. वि. वि.' हा दूरच्या आप्तास शोभणारा मायना आहे. अंतर्देशीय पत्राच्या डिंकाच्या कडेपर्यंत धावणारे तिचे अक्षर अर्ध्या पानावरच थांबले आहे, आणि दिवाळीत पुण्यास येण्याविषयी मी दोनदा विचारले, त्याचा खुलासा मजकुरात कोठेच नाही. अंतःकरणाने महिन्यापूर्वीच वर्दी दिली होती. तथापि, केवळ संशयावरून तिच्याविषयी फैसला करणे मला अन्यायाचे वाटते. इतक्या दिवसांच्या स्नेहानंतर समोर बसून विचारले जाण्याचा तिला हक्क आहे. उद्या सकाळच्या दख्खनच्या राणीचे मुंबईचे तिकीट काढले आहे.